नव्याचे नऊ दिवस आणि दुरुस्तीचा हक्क

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेतील लास व्हेगास शहरात ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे एक प्रचंड प्रदर्शन भरते. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रथम भरले, तेव्हा खिशात मावणारा रेडिओ ही त्यातली मोठी नवलाई होती. आता तेथे बोलणारे चष्मे, घडी होणारे मोबाईल, झोप मोजणाऱ्या अंगठ्या आणि आत काय शिल्लक आहे ते सांगणारी शीतकपाटे मांडलेली असतात. प्रदर्शनाची दारे बंद होण्यापूर्वीच ‘यंदा कोणत्या वस्तूंकडे लक्ष ठेवावे’ अशा याद्या जगभरच्या वृत्तपत्रांत झळकू लागतात. मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्याही त्याला अपवाद नसतात. या याद्यांत वस्तूची किंमत असते, वजन असते, रंग असतात. ती वस्तू किती वर्षे टिकेल, बिघडली तर कोण दुरुस्त करील, ती कोणी कोणत्या मजुरीवर जोडली, आणि तिचा कचरा शेवटी कोणाच्या दारात पडेल, या चार गोष्टी मात्र त्यांत नसतात. समाजवादी कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवायचे ते नेमके या चार गोष्टींकडे.

विकत घेतलेली, पण मालकीची नसलेली वस्तू

अलीकडचेच एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘ह्यूमेन’ नावाच्या अमेरिकन कंपनीने सदऱ्याला अडकवण्याचे एक छोटे उपकरण बाजारात आणले. मोबाईलचे युग आता मागे पडणार, असा त्याचा गाजावाजा झाला होता. किंमत ६९९ डॉलर आणि वर दरमहा २४ डॉलर वर्गणी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने आपली बरीचशी मालमत्ता एचपी या कंपनीला ११ कोटी ६० लाख डॉलरना विकली, आणि २८ फेब्रुवारीला ते उपकरण ज्या दूरस्थ संगणकांच्या आधारावर चालत होते ते बंद करण्यात आले. वस्तू फुटली नव्हती, झिजली नव्हती, पाण्यात पडली नव्हती. ग्राहकाच्या छातीवर असतानाच ती निर्जीव झाली. अखेरच्या नव्वद दिवसांच्या मुदतीत बसणाऱ्या ग्राहकांना पैसे परत मिळाले. ज्यांनी पहिल्या उत्साहात, सर्वांआधी पैसे मोजले होते, त्यांच्या पदरी एक शोभेचा तुकडा उरला.

हा एका फसलेल्या धंद्याचा अपवादात्मक किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, ग्राहकांनी पैसे भरून घेतल्या असतानाही, परस्पर पुसून टाकल्या. त्या आवृत्त्यांच्या विक्रीचा अधिकार विक्रेत्याकडे नव्हता हे कारण खरे होते, पैसेही परत दिले गेले. परंतु ग्राहकाच्या घरातील पुस्तक दुकानदाराला मध्यरात्री येऊन उचलून नेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. ज्या कोट्यवधी संगणकांवर पुढची प्रणाली चढू शकत नाही, त्यांचे पडदे, कळफलक आणि यंत्रभाग धडधाकट असूनही त्यांच्यावर वार्धक्याचा शिक्का बसला.

समाजवादी सत्तेवर आले तर ते लोकांची खाजगी मालमत्ता काढून घेतील, अशी भीती गेली शंभर वर्षे घातली जात आहे. वास्तविक समाजवादाचा आक्षेप उत्पादनसाधनांच्या मालकीबद्दल आहे. माणसाच्या घरातील भांडी, पुस्तके आणि अंथरुण-पांघरुण यांवर त्याने कधी डोळा ठेवलेला नाही. ते काम भांडवलशाहीने स्वतःच, आणि फारसा गाजावाजा न करता, पार पाडले आहे. पूर्वी कामगार उत्पादनसाधनांपासून वंचित होता; आता ग्राहक उपभोगाच्या साधनांपासूनही वंचित होऊ लागला आहे. तो किंमत पूर्ण मोजतो. हातात मिळते ते केवळ वापरण्याची परवानगी, आणि ती केव्हाही काढून घेता येते.

कालबाह्यता जन्माला घातली जाते

वस्तू लवकर निकामी होणे हा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा अटळ परिणाम आहे, असे सांगितले जाते. इतिहास वेगळे सांगतो. १९२४ च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनवणाऱ्या युरोप-अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी ‘फीबस’ या नावाने एक संगनमत केले. त्यापूर्वी दीड हजार तासांहूनही अधिक जळणारे दिवे बाजारात मिळत होते. या संगनमताने दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले, प्रत्येक सभासद कंपनीचे दिवे तपासले, आणि ज्या कंपनीचा दिवा ठरलेल्यापेक्षा अधिक टिकेल तिला दंड ठोठावला. उत्कृष्ट माल तयार केल्याबद्दल दंड! स्पर्धेमुळे मालाचा दर्जा सुधारतो, हे पाठ्यपुस्तकातील सूत्र शिकवताना हा प्रसंगही विद्यार्थ्यांपुढे ठेवावयास हवा.

त्याच दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने दर वर्षी मोटारीचा नवा नमुना काढण्याची प्रथा रूढ केली. इंजिन तेच असले तरी बाह्यरूप बदलायचे आणि गतवर्षीच्या मोटारीच्या मालकाला आपण मागे पडलो असे वाटायला लावायचे. १९३२ मध्ये महामंदीवरील उपाय म्हणून वस्तूंचे आयुष्य कायद्यानेच ठरवून टाकावे, अशी सूचना बर्नार्ड लंडन या गृहस्थांनी एका पुस्तिकेत केली. ‘नियोजित कालबाह्यता’ हा शब्दप्रयोग तिच्या शीर्षकातच होता. व्हॅन्स पॅकार्ड यांनी १९६० मध्ये ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात या वृत्तीची झडती घेतली. म्हणजे मोबाईल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्याचे मरण ठरवण्याची पद्धत तयार झालेली होती.

यामागील अर्थशास्त्र सरळ आहे. ज्या घरात एकही शीतकपाट नाही त्या घराला पहिले शीतकपाट विकणे सोपे असते. ज्यांच्याजवळ क्रयशक्ती आहे अशा बहुतेक घरांत ती वस्तू एकदा पोहोचली, की कारखान्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, ज्यांच्याजवळ क्रयशक्ती नाही त्यांचे उत्पन्न वाढावे. पण त्यासाठी मजुरी वाढावी लागते, आणि ते भांडवलदाराला परवडत नाही. दुसरा, ज्यांच्याजवळ वस्तू आहे त्यांनाच ती पुन्हा पुन्हा घ्यायला लावावे. त्यासाठी बॅटरी आत चिकटवून टाकायची, स्क्रू उघडण्यासाठी खास हत्यार लागेल असे करायचे, सुटे भाग बाजारात येऊ द्यायचे नाहीत, आणि दुरुस्तीचा आकार नव्या वस्तूच्या किमतीच्या इतका जवळ नेऊन ठेवायचा की शहाणा माणूसही ‘नवीनच घ्या’ म्हणेल. जुने आयफोन मंद केल्याची कबुली डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीला द्यावी लागली. बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असा तिचा खुलासा होता. पण ग्राहकाला ते सांगितले मात्र नव्हते. याच प्रकरणी फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. केवळ बॅटरी बदलली असती तर जो फोन पुन्हा पळू लागला असता, तो मंद झाला म्हणून किती जणांनी नवा घेतला असेल, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दाखवला जात नाही.

मागणी ही माणसाच्या मनात स्वयंभू निर्माण होते आणि उत्पादक तिची सेवा करतो, हे गृहीत गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्येच ‘द अफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात मोडीत काढले होते. जी गरज भागवायची, ती गरज निर्माण करण्याचे कामही उत्पादकच करतो, असा त्यांचा मुद्दा होता. व्हेब्लेन यांनी तर १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची चिकित्सा केली होती. त्यात आता एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे हप्ता. पगार वाढत नसताना वस्तू खपवायची, तर उद्याचा पगार आज खर्च करायला लावणे हाच मार्ग उरतो. वस्तू बिघडते तेव्हा पुष्कळदा तिचे हप्ते अजून चालूच असतात. सावकाराचे कर्ज निदान बैलासाठी किंवा बियाण्यासाठी काढले जात असे. हे कर्ज अशा वस्तूसाठी असते की जिचे मूल्य पेटी उघडताक्षणीच उतरू लागते.

हा यंत्रविरोध नव्हे

एवढे म्हटले की ‘समाजवाद्यांना प्रगतीच नको आहे’ असा शेरा मारला जातो. त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. १९२४ मध्ये एका संभाषणात महात्मा गांधींनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकांचे कष्ट वाचवणाऱ्या त्या यंत्राबद्दल त्यांना आदर होता, आणि अशी यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे अथवा नियंत्रणाखाली असावेत, असेही त्यांनी त्याच वेळी सुचवले होते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ मध्ये पंचमढी येथील समाजवादी पक्षाच्या अधिवेशनात छोट्या यंत्राची कल्पना मांडली ती यंत्र नाकारण्यासाठी नव्हे. भांडवलाची टंचाई आणि हातांची विपुलता असलेल्या देशाने आपल्या मापाचे, खेड्यात चालेल आणि खेड्यात दुरुस्त होईल असे यंत्र शोधले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

मराठी घरातील स्वयंपाकघर या विचाराची साक्ष देते. प्रेशर कुकरने इंधन आणि वेळ दोन्ही वाचवले. त्याची रिंग, शिटी, झडप आणि मूठ कोणत्याही तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात मिळते, आणि म्हणून आईचा कुकर सुनेच्याही संसाराला पुरतो. ओले वाटण आणि कोरडा मसाला यांपुढे परदेशी मिक्सर टिकेनात, तेव्हा १९६० च्या दशकात ‘सुमीत’ हा खास भारतीय वाटणासाठी घडवलेला मिक्सर आला आणि पाटा-वरवंट्यापुढची वाकलेली पाठ काहीशी सरळ झाली. नळाचे पाणी आणि कपडे धुण्याचे यंत्र यांनी बायकांचे जितके तास मोकळे केले, तितके तास वाचवल्याचा दावा लास व्हेगासच्या प्रदर्शनातील क्वचितच एखाद्या वस्तूला करता येईल.

मोबाईलचेही तसेच. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या उत्तर किनाऱ्यावर मोबाईल सेवा पोहोचली, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांवरील भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बाजाराबाजारांतील भावांची तफावत आटली, गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकून देण्याची वेळ जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा वाढला आणि ग्राहकाला मासळी स्वस्त मिळाली. या सर्वांसाठी पुरेसा झाला तो बटणांचा साधा फोन. तंत्रज्ञानाचा खरा लाभ बहुधा पहिल्या, साध्या आणि सर्वांना परवडणाऱ्या पायरीवर होतो. पुढच्या पायऱ्यांवर समाजाचा लाभ घटत जातो आणि कंपनीचा नफा वाढत जातो.

एकच यंत्र दोन समाजव्यवस्थांत दोन प्रकारे वागते, हेही भारताने अनुभवले आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. आणीबाणीच्या त्या काळात पडद्यावर काय दाखवले जात होते याबद्दल समाजवाद्यांना भ्रम असण्याचे कारण नाही. त्यांचे नेते तेव्हा तुरुंगात होते. पण संच गावाचा होता, शाळेत किंवा सार्वजनिक जागी ठेवलेला होता आणि शेती, आरोग्य, शिक्षण हे त्याचे विषय होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. सात वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि परदेशी रंगीत संचांच्या आयातीला वाट करून देण्यात आली. गावाच्या संचाची जागा दिवाणखान्यातील संचाने घेतली, आणि शेजाऱ्याकडे तो आहे म्हणून आपल्याकडेही हवा, हे उपभोगाचे नवे व्याकरण मध्यमवर्गाने तेव्हाच गिरवले.

जनतेचा पैसा, कंपनीचा नफा

नव्या वस्तू या काही धाडसी उद्योजकांच्या प्रतिभेतून उगवतात, ही दंतकथाही तपासली पाहिजे. संगणकांना परस्परांशी जोडणारे इंटरनेटचे मूळ जाळे १९६९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभे राहिले. स्थाननिश्चिती करणारे उपग्रह त्याच खात्याचे. वर्ल्ड वाइड वेब १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या सार्वजनिक संशोधनसंस्थेत कल्पिले गेले. मोबाईलमधील बोलणाऱ्या साहाय्यकाचे मूळही सरकारी संरक्षण-संशोधनातच सापडते. मारियाना मॅझुकाटो यांनी २०१३ मध्ये ‘द आंत्रप्रेन्युरिअल स्टेट’ या ग्रंथात ही वंशावळ तपशीलवार मांडली आहे. जोखीम जनतेने उचलायची आणि फळ भागधारकांनी चाखायचे, असा हा व्यवहार आहे.

भारतातही सरकारी तिजोरी उदार आहे. १ एप्रिल २०२० रोजी अधिसूचित झालेल्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत मोबाईल व काही सुट्या भागांच्या वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के अनुदान देण्याचे ठरले, आणि मुळात ४० हजार कोटींहून अधिक रुपयांची तरतूद जाहीर झाली. देशात कारखाने यावेत, तरुणांना काम मिळावे, याला समाजवाद्यांचा विरोध असू शकत नाही. पण जनतेच्या पैशाच्या बदल्यात जनतेने काय अटी घातल्या? वस्तू किती वर्षे टिकावी, सुटे भाग किती वर्षे मिळावेत, कामगाराला संघटनेचा हक्क असावा, अशा अटींवर हे अनुदान बेतलेले नाही. त्याचा मापदंड आहे गुंतवणूक आणि वाढीव विक्री, म्हणजे अधिक माल खपवणे.

परिणाम समोर आहेत. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे आयफोन जोडणाऱ्या कारखान्यात, थकलेल्या आणि कापलेल्या वेतनामुळे कामगारांचा उद्रेक झाला. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यातील तरुण मुली वसतिगृहातील अन्नाने विषबाधा झाल्यावर रस्त्यावर उतरल्या. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले होते. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच परिसरातील सॅमसंगच्या कारखान्यातील शेकडो कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. वेतनवाढीबरोबर त्यांची प्रमुख मागणी होती ती आपल्या संघटनेला मान्यता मिळावी ही. संघटनेची नोंदणी व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. ट्रेड युनियन कायदा १९२६ साली झाला. शंभर वर्षांपूर्वी मिळालेला हक्क एकविसाव्या शतकातील कारखान्यात पुन्हा संप करून मिळवावा लागतो, ही या ‘भविष्यवेधी’ उद्योगाची सामाजिक प्रगती.

साखळीचे दुसरे टोक याहून विदारक आहे. मोबाईल आणि विजेच्या मोटारी यांच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच अधिक वाटा आफ्रिकेतील काँगोच्या दक्षिण भागातून येतो. तेथील हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्ये जगापुढे आणले. आणि जी कृत्रिम बुद्धी या वर्षीच्या प्रत्येक यादीचे आकर्षण असते, तिला शिष्टाचार शिकवण्यासाठी हिंस्र आणि किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढण्याचे काम केनियातील कामगारांनी ताशी दोन डॉलरहून कमी मजुरीवर केले, हे ‘टाइम’ साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. या बुद्धीला वीजही कमी लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये जगातील माहितीकेंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असा तिचा अंदाज आहे. नवी मुंबईच्या परिसरात अशी केंद्रे उभी राहत असताना, शेतीपंपाला रात्रीचीच वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब मागितला तर त्याला प्रगतीविरोधी म्हणता येणार नाही.

अंगणवाडीतील मोबाईल

उपकरण कोणाच्या सोयीचे आणि त्याचा भुर्दंड कोणावर, हे महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सर्वांहून चांगले दाखवून दिले आहे. बालकांच्या पोषणाची नोंद ठेवण्यासाठी सरकारने त्यांना मोबाईल दिले. फोन कमी क्षमतेचे होते, ते तापत, अडकत आणि बंद पडत. नवे नोंदणी-ॲप इंग्रजीत होते. आणि मानधनावर राबणाऱ्या सेविकांवर दुरुस्तीच्या खर्चाचा बोजा पडू लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ‘मोबाईल वापसी’ आंदोलन केले आणि हजारो फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत दिले. त्यांचा राग तंत्रज्ञानावर नव्हता. नोंदी मराठीत करता याव्यात, फोन चालणारा असावा आणि बिघडला तर दुरुस्तीची जबाबदारी देणाऱ्याने घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उपकरणाकडे पाहण्याची समाजवादी दृष्टी याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

कचरा आणि त्याचे वारस

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. उरलेल्यापैकी किती तरी भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो, जेथे उघड्या हातांनी आम्लात पट्ट्या बुडवून आणि तारा जाळून तांबे काढले जाते. वस्तूचा उपभोग एका वर्गाने घ्यायचा आणि तिचा धूर दुसऱ्या वर्गाच्या फुप्फुसांनी घ्यायचा. जातिव्यवस्थेत शतकानुशतके चालत आलेली स्वच्छता आणि घाण यांची वाटणी येथे यंत्रयुगाच्या वेषात पुन्हा उभी राहते.

भारतात २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली. पण पुनर्वापर करणाऱ्यास किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असे सरकारने ठरवताच अनेक बड्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्यांना आपल्याच वस्तूच्या अंत्यसंस्काराचा खर्च डोईजड होतो. उलट पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी दाखवून दिले, की कचरा वेचणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या तर त्या महानगरपालिकेशी करार करू शकतात. ई-कचऱ्याचे नियोजन करताना या हातांना वगळून ते बड्या ठेकेदारांच्या हाती जाऊ न देणे, हे चळवळीचे काम आहे.

दुरुस्तीचा हक्क

या सर्व प्रश्नांना एका ठिकाणी पकडता येईल अशी मागणी आज उपलब्ध आहे, ती म्हणजे दुरुस्तीचा हक्क. युरोपीय संघाने या दिशेने पावले टाकली आहेत. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे. सर्वांना एकच प्रकारचा चार्जर हा नियम मोबाईलसारख्या वस्तूंना डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लागू झाला, तेव्हा नवनिर्मिती थांबेल असे भाकीत करणाऱ्या कंपन्या आजही तेथे सुखेनैव धंदा करीत आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापावे लागतात. अमेरिकेत शेतकरी आपला ट्रॅक्टर आपल्याच खळ्यात दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी झगडत आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने ‘जॉन डिअर’ कंपनीवर याच कारणासाठी खटला भरला.

भारतातही पाया नाही असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल, २,५०० कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला होता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी एक संकेतस्थळ सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि कंपनीच्या सदिच्छेवर ग्राहकाचा हक्क टांगता येत नाही.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न किती पैशांचा आहे, हे एका कल्पित पण साध्या गणितावरून कळेल. पंधरा हजारांचा मोबाईल तीन वर्षांनी टाकून द्यावा लागला तर वर्षाला पाच हजार रुपये पडतात. तोच दीड हजारांची बॅटरी बदलून पाच वर्षे चालला तर वर्षाला तीन हजार तीनशे पडतात. वाचलेले पैसे घरात राहतात, आणि बॅटरीच्या दीड हजारांतील काही भाग गावातल्या कारागिराच्या हाती जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात मात्र पहिला व्यवहार ‘वाढ’ म्हणून अधिक मोठा दिसतो. ज्या मोजपट्टीवर उधळपट्टी म्हणजे समृद्धी आणि काटकसर म्हणजे मंदी ठरते, ती मोजपट्टीच संशयास्पद मानली पाहिजे.

यासाठी चळवळीने पाच मागण्या धराव्यात. पहिली, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना रास्त दरात, ठरावीक वर्षांपर्यंत देणे कायद्याने बंधनकारक व्हावे. दुसरी, वेष्टनावर जशी कमाल किंमत छापली जाते तशीच वस्तूचा आधार कोणत्या वर्षापर्यंत मिळेल ती तारीखही छापली जावी. तिसरी, सरकारी खरेदीत दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूच घेतल्या जाव्यात, आणि सेविका, आशा, शिक्षक यांच्या हाती दिलेल्या उपकरणांचा खर्च त्यांच्यावर कधीही टाकला जाऊ नये. चौथी, दुरुस्ती करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांना प्रशिक्षण, सहकारी पतपुरवठा आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. पाचवी, सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगार संघटनेला मान्यता ही पूर्वअट असावी.

मोबाईलच्या बॅटरीसारख्या क्षुल्लक गोष्टीवर राजकारण उभे राहते काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत तेल, साखर आणि रॉकेल यांच्यावर राजकारण उभे केले होते. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या आणि स्वयंपाकघरातील प्रश्न मंत्रालयाला ऐकू गेला. आज तसा प्रश्न तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोरच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत बसला आहे. त्या टपरीत एक तरुण भिंगातून पाहत, कंपनीने दडवलेले ज्ञान अनुभवाने मिळवून, मेलेली वस्तू जिवंत करीत असतो. भागाच्या टंचाईमुळे त्याला आठवड्यात किती गिऱ्हाइके परत पाठवावी लागतात, कोणता भाग मिळत नाही, त्यासाठी कंपनी किती पैसे सांगते, याची नोंद प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने घ्यावी. अशा शंभर तालुक्यांच्या नोंदी हाती आल्या की मागणीपत्राला आधार मिळेल आणि लोकप्रतिनिधींना जाब विचारता येईल. ज्यांना या वर्षी कशाकडे लक्ष ठेवावे हे ठरवायचे आहे, त्यांनी आपल्या गावातील त्या टपरीपासून सुरुवात करावी.